गेहजीची मागणी आणि शिष्यवृत्तीचा अर्ज

(उपदेशकांसाठी धडा. शास्त्रपाठ : २ राजे ५:१५–२७)



बारावीचे निकाल लागले म्हणजे आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत आनंद व चिंता ही दोन्ही एकाच दाराने घरात येतात. मूल उत्तीर्ण झाले हा आनंद. महाविद्यालयाची फी व वसतिगृहाचा खर्च कोठून भागवावा ही चिंता. अशा वेळी शिष्यवृत्तीचा आधार मोठा असतो. तो आता बहुतेक इंटरनेटवरून शोधावा लागतो, आणि त्याच वाटेवर ठकही बसलेले आहेत. म्हणून ह्या आठवड्याच्या धड्यात आम्ही गेहजीचा वृत्तांत घेतला आहे.

पाठाचा आशय

अरामी सेनापती नामान कुष्ठरोगातून शुद्ध झाला. त्याने अलीशापुढे मोठी भेट ठेवली, पण संदेष्ट्याने एक कवडीही घेतली नाही. कारण देवाने जे फुकट दिले त्याचे मोल कोणी घ्यावयाचे? परंतु त्याचा चाकर गेहजी नामानाच्या रथामागे धावत गेला. धन्याने पाठविले आहे असे सांगून, एफ्राईमाच्या डोंगराळ प्रदेशातून संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी दोन गरीब तरुण आले आहेत, त्यांच्यासाठी एक किक्कार रुपे व दोन पोशाख द्यावे, अशी त्याने मागणी केली. नामानाने आनंदाने दुप्पट रुपे दिले. टेकडीजवळ येताच गेहजीने ओझे आपल्या ताब्यात घेतले, माणसांना परत लाविले, आणि धन्यापुढे उभा राहून आपण कोठेच गेलो नाही असे सांगितले.

ह्यात चार गोष्टी ध्यानात घ्याव्या. नाव खऱ्या धन्याचे होते. निमित्त गरीब विद्यार्थ्यांचे होते. मागणी धन्याच्या दारी झाली नाही, वाटेत घाईने झाली. आणि शेवटी साक्षीदार दूर करण्यात आले. नामान वाईट मनुष्य नव्हता. तो उदार व कृतज्ञ होता. त्याची चूक एवढीच की तो मागे वळून अलीशाच्या दारी विचारावयास गेला नाही.

आमच्या मंडळीतील एक गोष्ट

हे सांगताना आम्हांस स्वतःचाही एक दोष कबूल केला पाहिजे. आमच्या भागातील एका विधवा भगिनीची मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेऊ इच्छीत होती. ख्रिस्ती मुलींना मोठी शिष्यवृत्ती मिळते, असा एक संदेश मोबाइलवर आला. खाली एक दुवा होता व मुदत त्याच सायंकाळपर्यंतची होती. मुलीने नोंदणीचे म्हणून ३,५०० रुपये भरले. ते तिच्या आईने बचत गटातून उचलले होते. दुसऱ्या दिवशी फोन आला. मुलीने मोबाइलवर आलेला ओटीपी सांगितला, आणि खात्यात उरलेलेही गेले. लाजेस्तव ती तीन आठवडे कोणाशी बोलली नाही. तेवढ्यात खऱ्या योजनेच्या अर्जाची मुदत निघून गेली.

तो संदेश मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात कोणी पाठविला होता? आम्हीच. आम्हांस तो एका ओळखीच्या बंधूकडून आला, चांगला वाटला, आणि आम्ही न तपासता पुढे लोटला. मुलीच्या आईने आम्हांस एवढेच म्हटले, “पाळकसाहेब, तुमचं नाव होतं म्हणून विचारलं नाही.” गेहजीचे सारे बळ संदेष्ट्याच्या नावात होते; येथे ते नाव आम्ही पुरविले. म्हणून प्रत्येक उपदेशकाने हा धडा प्रथम स्वतःस लावून घ्यावा.

खरे दार कोठे आहे

महाराष्ट्र सरकारच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचा अर्ज महाडीबीटी ह्या संकेतस्थळावर होतो. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, इतर मागासवर्गीयांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्या व अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीच्या राज्याच्या योजना तेथे पाहावयास मिळतात. केंद्र सरकारच्या योजनांसाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल आहे. तेथे विद्यार्थ्याची एकदाच नोंदणी होऊन त्यास एक क्रमांक मिळतो. तो वहीत लिहून जपावा.

उदाहरणार्थ, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी केंद्राची एक गुणवत्ता शिष्यवृत्ती आहे. तीत देशभर दरसाल ८२,००० नवीन विद्यार्थी घ्यावयाचे, पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत दरवर्षी १२,००० रुपये व पुढे पदव्युत्तर शिक्षणात २०,००० रुपये द्यावयाचे, अशी रीत ठरविली आहे. बारावीत आपल्या बोर्डाच्या वरच्या वीस टक्क्यांत क्रम असावा व कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांहून अधिक नसावे, ह्या तिच्या मुख्य अटी होत. नियम व मुदती बदलत असतात. यास्तव गतवर्षीच्या ऐकीव माहितीवर न विसंबता त्या वर्षीची सूचना पोर्टलवरच वाचावी.

दार ओळखण्याची खूण अशी: सरकारी संकेतस्थळाच्या मुख्य नावाचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ असा असतो. ठक लोक मध्ये कोठेतरी ‘जीओव्ही’ घालतात आणि शेवट निराळाच ठेवितात. म्हणून संदेशातील दुव्यावर बोट न ठेवता पत्ता आपल्या हाताने लिहावा, अथवा महाविद्यालयाच्या कार्यालयात जाऊन विचारावा. तेथील शिष्यवृत्तीचे काम पाहणारा लिपिक हा आपला पहिला साक्षीदार होय; कारण महाडीबीटीवरील अर्ज प्रथम महाविद्यालयाकडेच तपासणीस जातो, नंतर खात्याकडे, आणि मंजूर झालेली रक्कम विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येते. हे खाते आधारशी जोडलेले आहे की नाही हे बँकेत जाऊन आधीच पाहावे. उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला, जातीचा व अधिवासाचा दाखला, गुणपत्रके ही निकालाची वाट न पाहता उन्हाळ्यातच तयार ठेवावी.

गेहजीची लक्षणे

पहिले लक्षण : तो आधी पैसे मागतो. सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज करण्यास शुल्क नाही. गावच्या सेवा केंद्रात अर्ज भरून घेतल्यास चालकाच्या श्रमाचे व छपाईचे पैसे द्यावे लागतील. त्याची पावती घ्यावी. ती त्याची मजुरी होय, शिष्यवृत्तीची किंमत नव्हे. खऱ्या शिष्यवृत्तीस अटी असतात, पण त्या लेखी व उघड असतात. १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेस गेले, तेव्हा शिक्षणानंतर संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार त्यांनी केला होता. देणाऱ्याने पुढील सेवा मागितली. आधी रोकड मागितली नाही.

दुसरे लक्षण : तो घाई करवितो, आणि ज्याने अर्जच केला नाही त्याचे निवडीबद्दल अभिनंदन करतो. जेथे पेरले नाही तेथे पीक आले असे कोणी सांगितल्यास शेतकरी विश्वास ठेवील काय?

तिसरे लक्षण : तो गुप्त गोष्टी मागतो. पूर्वी सावकार कोऱ्या कागदावर अंगठा घेत असे. आजचा ओटीपी हा तसाच अंगठा होय. तो देणे म्हणजे आपल्या घराची किल्ली देणे. तसेच हे पक्के ध्यानात ठेवावे की यूपीआयचा पिन पैसे पाठविण्यासाठी लागतो. पैसे घेण्यासाठी तो कधीच लागत नाही.

चौथे लक्षण : तो मूळ कागद आपल्यापाशी ठेवू पाहतो. परप्रांतातील महाविद्यालयात फुकट प्रवेश देतो असे सांगून मूळ गुणपत्रक मागणाऱ्या दलालास ते देऊ नये. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करीत असतो, ती पाहावी.

हे भय काल्पनिक नाही. २०२० साली झारखंडात उघडकीस आले की, अल्पसंख्याक मुलांच्या शिष्यवृत्तीत दलालांनी गरिबांची कागदपत्रे व बोटांचे ठसे घेऊन मोठा वाटा गिळला. पुढे २०२३ साली केंद्रीय अल्पसंख्याक मंत्रालयाने १,५७२ संस्थांची तपासणी करविली, तेव्हा ८३० संस्था बनावट अथवा बंद आढळल्या. २०१७-१८ ते २०२१-२२ ह्या काळात १४४.८३ कोटी रुपयांची हानी झाल्याचे सांगण्यात आले, व प्रकरण सीबीआयकडे गेले. पुन्हा तीच गोष्ट: नाव विद्यार्थ्यांचे, ओझे गेहजीच्या घरी.

आपला अर्जही खरा असावा

बंधूंनो, ठकाची निंदा करणे सोपे आहे. पण एक दलाल असाही येतो, जो आमचे पैसे चोरीत नाही, आमची साक्ष चोरतो. तो म्हणतो, “धर्माच्या रकान्यात जुनेच लिहा, अनुसूचित जातीची सवलत मिळेल, कोण पाहतो?” १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती मनुष्यास अनुसूचित जातीत गणिले जात नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांचा समावेश इतर मागासवर्गीयांत होतो. अनुसूचित जमातींच्या लोकांचा दर्जा मात्र धर्म बदलल्याने जात नाही. त्या आदेशाविषयी आमच्या समाजाची तक्रार जुनी आहे, व ती उघडपणे मांडणे हा आमचा हक्क आहे. परंतु केवळ लाभासाठी रविवारी एक व अर्जात दुसरे सांगणे ही संविधानाची फसवणूक होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली एका प्रकरणात म्हटले. न्यायालयाने न म्हटले असते तरी अलीशाचा प्रश्न आमच्यापुढे उभाच आहे: तू कोठून आलास?

ज्या भाकरीसाठी मुलास प्रथम खोटे लिहावयास शिकवावे लागते, ती भाकर त्याच्या शिक्षणास सुरुवातीसच कीड लाविते. जे आपल्या हक्काचे आहे ते मिळविण्यास आळस करू नये. जे नाही त्यावर हात टाकू नये.

उपदेशकाने काय करावे

एक : शिष्यवृत्तीचा कोणताही संदेश स्वतः मूळ दारी तपासल्यावाचून मंडळीच्या गटात पाठवू नये.

दोन : जून महिन्यात एका सायंकाळी उपासनेनंतर दहावी-बारावीच्या मुलांस व त्यांच्या आईबापांस बसवावे. मंडळीतील शिकलेल्या तरुणाच्या साहाय्याने पोर्टल उघडून दाखवावे. पण अर्ज मुलाने स्वतःच्या हाताने भरावा, व त्याची छापील प्रत घरी ठेवावी.

तीन : कोणी फसल्यास त्यास दोष न देता तत्काळ १९३० ह्या क्रमांकावर फोन करवावा, बँकेस कळवावे, व सायबर गुन्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांत कळविल्यास पैसे अडविले जाण्याचा संभव असतो. लाजेने घालविलेला दिवस ठकास लाभतो. त्या मुलीस आमच्याकडे येण्याचे भय वाटले नसते, तर निदान तिची पुढील मुदत तरी वाचली असती. तिने दुसऱ्या वर्षी महाविद्यालयाच्या कार्यालयात जाऊन पुन्हा अर्ज केला. त्या वेळी आम्ही तिच्याबरोबर गेलो व बाकावर बसून राहिलो.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. नामानाने गेहजीवर विश्वास का ठेविला? त्याने काय करावयास पाहिजे होते?
२. गेहजीने गरीब विद्यार्थ्यांचेच निमित्त का सांगितले असेल?
३. सेवा केंद्राची मजुरी व शिष्यवृत्तीचे खोटे शुल्क यांत भेद काय?
४. आपल्या मंडळीत कोणी फसल्यास तो प्रथम कोणाकडे जाईल? तो आपल्याकडे येईल काय? न आल्यास, का?

जो प्रभू आपली कृपा विकत नाही, तो आमच्या लेकरांस खऱ्या दाराची वाट दाखवो, आणि त्या वाटेवर सोबत करण्याची लाज आम्हांस कधी न वाटो. आमेन.