सात दिवस, चौदा रेघा

साहित्य फार लागत नाही. शाळेच्या वहीतला एक कागद, पेन्सिल, आणि नाव काढताच तुमच्या कपाळावर आठी पडते असं एक माणूस. एकच. घरची मंडळी पहिल्या आठवड्यात नकोत, तो हिशेब फार जुना असतो. ज्याने खरोखर मारलं, छळलं किंवा लुबाडलं आहे असं माणूसही नको. तिथे रेघा मारत बसायचं नसतं, मदत मागायची असते. मधलं कुणीतरी घ्या: सोसायटीचा सेक्रेटरी, ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारी, भाऊबंदातला एखादा दीडशहाणा. मी आमच्या क्वायरमधल्या एक बाई घेतल्या होत्या. उपवासकाळाच्या शेवटी ईस्टरच्या गाण्यांचा सराव रोज संध्याकाळी साडेसहाला असतो. बाई यायच्या सातला, चपला वाजवत.

कृती मुळात माझी नाही. १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडून घेतलेल्या एका बास्क शिपायाची, म्हणजे संत इग्नेशियस लोयोलांची आहे. पाय बरा झाल्यावर मानरेसा गावी राहून त्यांनी जी टिपणं काढायला घेतली, त्यांचं पुढे ‘आध्यात्मिक साधना’ हे छोटं पुस्तक झालं. १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी त्याला मान्यता दिली. ते वाचायचं पुस्तक नाही, करायचं आहे. त्यात स्वतःचा एकच दोष धरून त्याचा रोज हिशेब ठेवायची रीत सांगितली आहे. दोष कोणता ते ज्याचं त्याने ठरवायचं. मी ‘दुसऱ्याबद्दल मनात निकाल लावून टाकणं’ हा धरला, आणि त्या रीतीत थोडी भर घातली. १५७९ साली गोव्यात येऊन पुढे ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स याच इग्नेशियसांच्या येशूसंघाचे. म्हणजे रीत आपल्याकडे नवी नाही, वापरातून गेली आहे इतकंच.

आधी रेघा आखा, दर निकालाला त्यांच्यावर ठिपका द्यायचा आहे. रोजच्या दोन, एक दुपारची आणि एक रात्रीची. सात दिवसांच्या चौदा. रविवारपासून सुरुवात करा. रविवारची रेघ सगळ्यात लांब काढा आणि मग रोज थोडी आखूड करत न्या. मूळ आकृतीही तशीच उतरत जाते. दिवसागणिक ठिपक्यांना जागा कमी लागेल असा भरवसा त्यात असावा.

सकाळी उठल्या उठल्या, चहाच्याही आधी, देवाशी एक वाक्य बोला. आपल्या शब्दांत. ‘आज मी सगळ्यांशी प्रेमाने वागेन’ असलं मोठं काही नको, ते दूधवाला येईपर्यंतच टिकतं. ‘आज अमक्याबद्दल निकाल लावताना मला पकड’ एवढं पुरे.

दिवसभराचं काम एकच. निकाल लावताना सापडलात की हात छातीवर न्यायचा. चारचौघांतही कुणाच्या लक्षात न येता हे करता येतं, असं इग्नेशियसांनी मुद्दाम नोंदवलं आहे. विरार लोकलमध्ये तर कुणी बघतही नाही. खिसा सांभाळतोय असं वाटतं.

आता ठिपका कशाला द्यायचा, ते नीट समजून घ्या, कारण बहुतेकांची वही इथेच बिघडते. दोष दिसला म्हणून ठिपका नाही. बाई सातला आल्या, घड्याळात सात वाजले होते, ही नोंद झाली. ‘बेफिकीर आहे’ हा निकाल झाला. ‘हिला वाटतं आपल्याशिवाय गाणं अडतं’ हा तर निकालही नव्हे, कादंबरी झाली. पहिल्याला ठिपका नाही, दुसऱ्याला एक, तिसऱ्यालाही एकच. पण तो देताना पेन्सिल जरा दाबा. निकाल तिसऱ्या माणसाच्या कानात घातला असेल तर दोन ठिपके. हा नियम मात्र माझा. पहिल्याच दिवशी मी पेटीवाल्याच्या कानात तीनदा कुजबुजलो होतो.

दुपारी जेवण झाल्यावर आणि रात्री जेवण झाल्यावर कागद काढा. दुपारी सकाळच्या उठण्यापर्यंत, रात्री दुपारच्या जेवणापर्यंत तासातासाने मागे जा आणि त्या त्या रेघेवर ठिपके टाका. मी बँकेत रोखपाल होतो. संध्याकाळी कॅश जुळल्याशिवाय घरी जायला मिळत नसे, आणि फरक दहा रुपयांचा असला तरी अंदाजे आकडा टाकून चालत नसे. इथेही ‘आज बरेच झाले’ चालणार नाही. आठ म्हणजे आठ.

रात्रीचं दुसरं काम अवघड आहे. दिवसातला एक ठिपका निवडा आणि त्यामागचं त्या माणसाचं बोलणं किंवा वागणं कागदावर लिहा. ‘साधना’ पुस्तकाच्या बाविसाव्या परिच्छेदात त्यासाठी एक उतरंड दिली आहे. दुसऱ्याच्या बोलण्याचा चांगला अर्थ लागत असेल तर आधी तो लावून बघायचा. लागतच नसेल तर त्यालाच विचारायचं, तुला काय म्हणायचं होतं? त्याचं खरंच चुकत असेल तर प्रेमाने सांगायचं. तेवढ्यानेही भागलं नाही तर आणखी योग्य मार्ग शोधायचे. हे लिहिणाऱ्याला स्वतःच्या बोलण्यावरून आलेल्या संशयामुळे आल्कालात ४२ दिवस आणि सालामांकात २२ दिवस कोठडीत काढावे लागले होते. आधी विचारा, मग ठरवा, हा आग्रह मला वाटतं तिथूनच आला असेल.

माझा तिसऱ्या दिवशीचा ठिपका असा होता. सराव संपताना बाई म्हणाल्या, “आज तुम्ही भलतंच गायलात.” टोमणा, दुसरं काय. रात्री कागद घेऊन बसलो, अर्धा तास गेला, चांगला अर्थ काही लागेना. म्हणून दुसऱ्या दिवशी विचारलं. त्या म्हणाल्या, “अहो, तुमच्या खालच्या सुरावरून मी माझा सूर धरते. काल तुम्हीच वर गेलात, मग मी कुणाकडे बघू?” सर्दीने माझा सूर सरकला होता, हे त्या सोडून कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

उशिराचंही विचारलं. त्यामागे आजारी सासू निघेल, एखादी हलाखी निघेल, अशी मी मनाची तयारी केली होती. तसं काही नव्हतं. “होतो हो उशीर,” एवढंच. मग उतरंडीची पुढची पायरी: तुम्ही नसता तेव्हा पहिल्या गाण्यात बायकांची बाजू पडते, हे सरळ सांगितलं. दोन दिवस त्या पावणेसातला आल्या.

मत्तयच्या सातव्या अध्यायातलं कुसळ आणि मुसळ मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पण पुष्कळजण मुसळापाशीच थांबतात. प्रभू येशू पुढे असंही सांगतो की मुसळ निघालं की नीट दिसेल, आणि मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढता येईल. म्हणजे कुसळ काढायचंच आहे. चांगलं बघणं म्हणजे डोळे मिटून घेणं, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचावं.

चौथ्या दिवसापासून कागदाच्या मागच्या बाजूला रोज एक ओळ: त्या माणसाची डोळ्यांनी पाहिलेली एक चांगली गोष्ट. गुण लिहायचा नाही. ‘प्रेमळ आहेत’ बाद. ‘मिस्सा संपल्यावर गाण्यांची पुस्तकं गोळा करताना दुमडलेली पानं सरळ करतात’ चालेल. माणूस देवाच्या प्रतिरूपात घडला आहे असं आपण मानतो. तेव्हा चांगुलपणा तयार करायचा नाही, असलेला टिपायचा आहे. आविलाच्या संत तेरेसांनी दुसऱ्याचे गुण बघावेत आणि त्याचे दोष आपल्या पापांच्या आठवणीने झाकावेत, असं सुचवलं आहे, आणि हे सुरुवातीला नीट जमत नाही हेही सांगून ठेवलं आहे. एखाद्या दिवशी काहीच दिसलं नाही तर ओळ कोरी सोडा. खोटी भरू नका.

सातव्या रात्री पडताळा घ्या. दुपारची रेघ रात्रीच्या रेघेशी, काल आजशी. दुसऱ्या दिवशी ठिपके वाढले असतील तर घाबरू नका, नजर बसायला लागली आहे. माझे रविवारी आठ, सोमवारी अकरा, शनिवारी चार. पण आकड्यांपेक्षा त्यांच्या वेळा बघा. मी तासातासाने मागे जाताना प्रत्येक ठिपक्याखाली बारीक अक्षरात वेळ लिहीत होतो. तीनचार सोडले तर सगळे साडेसहा ते आठमधले, दुपारच्या जेवणानंतर पोटात काही नसताना पडलेले.

आता सरावाला निघताना दोन सुकेळी खिशात टाकतो. एक वाटेतच संपतं. बाई पुन्हा सातलाच येतात, त्यामुळे दुसरं तोवर सांभाळून ठेवावं लागतं.