जीवनसत्त्वांच्या गोळ्या : केव्हा आणि कशा घ्याव्यात?

अशक्तपणा वाटला की दुकानातून टॉनिकची बाटली आणायची, अशी सवय आपल्या अनेक घरांत रुजली आहे. उलट, सरकारी दवाखान्यातून गरोदर भगिनींना मोफत मिळणाऱ्या गोळ्या पुष्कळदा डब्यात तशाच पडून राहतात. नको तेथे पैसा जातो आणि हवे तेथे औषध पोटात जात नाही. म्हणून काही आवश्यक माहिती आम्ही येथे देत आहोत.

जीवनसत्त्वे एकूण १३ आहेत. ‘ब’ गटातील आठ व ‘क’ पाण्यात विरघळतात. ‘अ’, ‘ड’, ‘ई’ व ‘के’ ही चार स्निग्ध पदार्थांत विरघळतात आणि शरीरात साठून राहतात. त्यामुळे ‘ड’ जेवणानंतर घेतल्यास चांगले शोषले जाते. परंतु त्याचा अतिरेक घातक ठरतो. ‘ड’ची ६०,००० युनिटची मात्रा बहुधा आठवड्यातून एकदा घ्यावयाची असते. ती चुकून रोज घेत राहिल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

गोळ्यांची खरी गरज कोणाला?

१) गरोदर माता : चौथ्या महिन्यापासून रोज एक लोह व फॉलिक ॲसिडची गोळी, निदान १८० दिवस, बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. लोह हे खनिज, तर फॉलिक ॲसिड हे ‘ब’ गटातील जीवनसत्त्व. गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक ॲसिड घेतल्यास बाळाच्या मज्जारज्जूतील जन्मजात दोषांचा धोका कमी होतो.

२) १० ते १९ वर्षांची मुले-मुली : आठवड्याला एक निळी गोळी.

३) बालके : नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत ‘अ’ जीवनसत्त्वाचे एकूण नऊ डोस.

४) शुद्ध शाकाहारी, वृद्ध आणि मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणारे : यांच्यात ‘ब-१२’ची कमतरता आढळते. हातापायांना मुंग्या येत असल्यास रक्त तपासून घ्यावे.

लोहाची गोळी कशी घ्यावी?

चहा-कॉफीबरोबर कधीही घेऊ नये. मध्ये निदान एक तास जाऊ द्यावा. लिंबू किंवा आवळ्याबरोबर लोह चांगले शोषले जाते. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी. मळमळ होत असल्यास लोहाची गोळी जेवणानंतर किंवा रात्री झोपताना घ्यावी. शौचास काळसर होते, त्याने घाबरून गोळी बंद करू नये. मात्र या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. एकदम अनेक गिळल्यास जीवावर बेतते.

गोळी ही भाकरीची जागा घेऊ शकत नाही. डाळ, हिरव्या पालेभाज्या, शेवगा, अंडी, सुकट, पेरू हे आपल्या आवाक्यातील अन्न ताटात असलेच पाहिजे. त्यानंतरही उणीव राहिली, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, ठरलेल्या मात्रेत आणि ठरलेल्या मुदतीपर्यंत गोळी घ्यावी. आपल्या घरात कोणी भगिनी गरोदर असेल, तर तिचा गोळ्यांचा डबा आजच उघडून पाहावा, एवढीच वाचकांना आमची विनंती आहे.