माऊस, मनगट आणि एका हाताचे काम

मनगट दुखते म्हणून येणाऱ्यांत हल्ली दिवसभर संगणकावर बसणारे बरेच असतात. दुखणारा हात बहुधा माऊसचाच. गोळी देण्याआधी मी सांगतो, माऊसऐवजी कळा वापरा. कंट्रोल आणि सी दाबले की निवडलेल्या मजकुराची नक्कल होते, कंट्रोल-व्हीने ती हव्या जागी उतरते. मात्र बोटे ताणू नयेत. दोन कळा दोन हातांनी दाबाव्यात.

पण पक्षाघाताने एक हातच लुळा पडला असेल तर? विंडोजमध्ये १९९५ पासून ‘स्टिकी कीज’ ही सोय आहे. शिफ्टची कळ लागोपाठ ५ वेळा दाबावी, पडद्यावर विचारणा येते, तिला होकार द्यावा. (आपण धडधाकट माणसे ती चुकून आली की वैतागतो!) मग कंट्रोल दाबून सोडायचे, नंतर सी. एका बोटाने काम होते. राजीनामा लिहायला बसलेल्या रुग्णाला घरच्यांनी आधी हे करून दाखवावे.

अंगठा, तर्जनी व मधल्या बोटाला रात्री मुंग्या येत असतील, तर मनगटात नस दबत असण्याची शक्यता असते. अशा वेळी नुसत्या कळांवर विसंबू नये, तपासून घ्यावे. अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग बारीक दिसू लागला, तर त्याच आठवड्यात.