अतिश्रमानें होणारीं हाताचीं दुखणीं व त्यांची ओळख

पोळ्याच्या आदल्या दिवशीं बैलाची खांदमळणी करण्याची चाल आपल्याकडे आहे. एरव्हींहि औत सोडतांना शेतकरी बैलाच्या मानेवरून हात फिरवितो, आणि खांदेसूज दिसली तर सूज उतरेपर्यंत त्यास जुंपीत नाहीं. माणसाच्या हाताची एवढी विचारपूस कोणी करीत नाहीं. हात दुखला तर 'काम केलें म्हणून दुखला' एवढें बोलून विषय संपतो. परंतु श्रमानें येणारा साधा ठणका निराळा आणि एकच हालचाल पुनःपुन्हां केल्यानें होणारी इजा निराळी. ती वेळींच कशी ओळखावी, हें ह्या लेखांत सांगावयाचें आहे.

उदाहरणार्थ द्राक्षबाग घेऊं. नाशिक व सांगली ह्या जिल्ह्यांतील बागांत वर्षांतून दोनदां छाटणी होते; एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. छाटणी करणारा मनुष्य दिवसभर कात्रीची तीच मूठ आवळतो व सोडतो. पुढें घडांची विरळणी येते. ती मांडवाखालीं उभें राहून, हात वर धरून व मान मागें टाकून करावी लागते. एका वेळीं लागणारा जोर थोडा असतो, पण तो हजारों वेळां लावावा लागतो, आणि तोहि अवयव अवघड स्थितींत ठेवून. त्यांतच हंगामाच्या पहिल्याच दिवशीं, हातास संवय नसतां, पूर्ण दिवसाचें काम अंगावर पडतें. स्नायूस हाडाशीं बांधणारी जी दोरी तिला कंडरा म्हणतात. ही कंडरा व तिच्या शेजारून जाणारे मज्जातंतू ह्यांची झीज विश्रांतींत भरून निघते. विश्रांती अपुरी पडली म्हणजे झीज सांचत जाते. ही गोष्ट नवी नाहीं. बर्नार्दिनो रामाझ्झिनी ह्या इटालियन वैद्यानें १७०० सालीं निरनिराळ्या धंद्यांच्या रोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यांत शेतकऱ्यांचाहि विचार केला होता.

आतां वाचकांनीं आपला उजवा हात तळवा वर करून समोर धरावा. अंगठा, तर्जनी, मधलें बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडील बाजू, एवढ्या भागास स्पर्शज्ञान देणारा तंतू मनगटांतील एका अरुंद बोगद्यांतून येतो. त्याच बोगद्यांतून बोटें मिटविणाऱ्या नऊ कंडराहि जातात. मूठ वारंवार आवळल्यानें त्यांच्यावरील आवरण सुजतें व तंतू दाबला जातो. ह्यास डॉक्टर कार्पल टनेलचा विकार म्हणतात. ह्याची खूण दिवसा नव्हे, रात्रीं सांपडते. वरील बोटांस मुंग्या येऊन मनुष्य जागा होतो, आणि हात झटकला म्हणजे त्यास बरें वाटतें. करंगळी बहुधा सुटते. दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींस लावून मनगटें खालीं वांकवून एक मिनिट धरावीं. त्याच बोटांस मुंग्या आल्या तर संशय बळावतो. मधुमेह असणाऱ्यांस व गरोदर स्त्रियांस हा विकार अधिक होतो.

प्रस्तुत लेखकानें ही खूण दोन हंगाम पाहूनहि ओळखली नाहीं. रात्रीं जाग येई, हात अंथरुणाबाहेर लोंबता सोडला कीं बरें वाटे. वात समजून तेल चोळीत राहिलों. तिसऱ्या हंगामांत सदऱ्याचीं बटणें लागेनात. दोन्ही तळहात शेजारीं धरून पाहिले तेव्हां उजव्या अंगठ्याच्या मुळाची गादी सपाट झालेली दिसली. शस्त्रक्रियेनें मुंग्या गेल्या. गादी मात्र पूर्ववत् भरली नाहीं, आणि त्या हातानें कात्री आजहि नीट दाबली जात नाहीं. तंतू फार दिवस दाबला गेला म्हणजे त्याच्या ताब्यांतील स्नायू वाळतो, आणि तो पुन्हां भरून येईल अशी खात्री देतां येत नाहीं. म्हणून गादी वाळण्याची वाट न पाहतां मुंग्या येत असतांनाच डॉक्टरांकडे जाणें अवश्य आहे.

करंगळी व तिच्याकडील अर्धी अनामिका बधिर होत असेल तर तंतू बहुधा कोपराच्या आंतल्या बाजूस दाबला जात असतो. येथें एक इशारा देणें जरूर आहे. ह्याच तंतूस कुष्ठरोगानेंहि इजा होते. बधिरतेबरोबर अंगावर फिकट किंवा लालसर व स्पर्श न कळणारा चट्टा असेल, तर श्रमाचें कारण शोधीत बसूं नये. सरकारी आरोग्यकेंद्रांत त्याचें औषध विनामूल्य मिळतें व रोग बरा होतो.

अंगठ्याच्या बाजूस मनगट दुखत असेल तर अंगठा मुठींत मिटून मनगट हलकेंच करंगळीकडे झुकवावें. तेथें तीव्र कळ आली तर अंगठ्याच्या कंडरांचें आवरण सुजलें आहे असें समजावें. स्विस शस्त्रवैद्य फ्रिट्झ दे क्वेर्वें ह्यांनीं १८९५ सालीं ह्याचें वर्णन केलें. अंगठ्यावर नित्य ताण येणाऱ्या कामांत हें दुखणें होतें, आणि तान्हें मूल सतत उचलणाऱ्या मातांसहि. जातां जातां हेंहि सांगतों कीं अंगठा मुडपून धार काढण्याची रीत जनावराच्या सडासहि अपायकारक आहे. पूर्ण मुठीनें दूध काढावें.

कात्रीची मूठ जेथें तळहातास रुतते तेथें, बोटाच्या मुळाशीं, कधीं कधीं गांठ लागते. मग तें बोट सकाळीं मिटलें तर उघडत नाहीं, व जोर केला असतां खटकन् सुटतें. कोपराच्या बाहेरील हाडाशीं दुखत असून भरलेली बादली उचलतांना किंवा धोतर पिळतांना कळ येत असेल, तर ती मनगट उचलणाऱ्या स्नायूंच्या कंडरेची इजा होय. नांव टेनिस एल्बो असलें तरी टेनिस न खेळणाऱ्यांसच ती अधिक होते! खांद्याची खूण अशी कीं हात बाजूनें वर नेतांना मधल्या टप्प्यांत दुखतो व त्यापुढें पुन्हां कमी दुखतो. शिवाय रात्रीं त्या कुशीवर निजवत नाहीं. विरळणी करणाऱ्यांत ह्याकडे विशेष लक्ष ठेवावें.

साधा ठणका स्नायूभर पसरलेला असतो व दोन-चार दिवसांत ओसरतो. इजेची जागा बहुधा बोटानें दाखवितां येते, आणि तीच हालचाल करतांच ती पुन्हां दुखते. पूर्वीं सायंकाळीं दुखणारा हात न्याहारीपूर्वींच दुखूं लागला, किंवा सुट्टीच्या दिवसानंतरहि तसाच राहिला, तर तो ठणका नव्हे. डावा हात दुखत असून छातींत दडपण येतें व घाम सुटतो, किंवा हाताची शक्ति एकाएकीं जाऊन तोंड वांकडें होतें, तर वेळ न दवडतां इस्पितळांत न्यावें. तीं दुखणीं वेगळीं व जिवावरचीं आहेत.

मजूर आपण होऊन दुखणें सांगत नाहीं. काम उक्तें घेतलेलें असतें, आणि हात थांबला तर पैसा थांबतो. म्हणून बागायतदारानेंच विचारलें पाहिजे, आणि 'हात दुखतो काय?' असें न विचारतां 'रात्रीं हात झटकावा लागतो काय?' असें विचारावें. होय म्हटलें तर त्यास काढून टाकूं नये. कात्री घेऊन काडी उचलण्याचें वा बांधणीचें काम द्यावें, व मजुरी तीच ठेवावी. असें केलें नाहीं तर पुढच्या वेळीं खरें उत्तर मिळणार नाहीं.

आरंभींच्या दुखण्यांत त्या हालचालीपासून विश्रांती आणि रात्रीं मनगट सरळ ठेवणारा पट्टा कांहीं आठवडे बांधणें, एवढ्यानें पुष्कळांस आराम पडतो. वेदनाशामक गोळ्या घेऊन तेंच काम रेटणें वाईट. त्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर जठरास व मूत्रपिंडासहि बाधतात. जोरानें रगडून घेणेंहि टाळावें. कात्रीला रोज धार लावावी, कारण बोथट पात्यास जास्त जोर लागतो. विरळणीस उभें राहण्यासाठीं बसकें स्टूल किंवा पाट द्यावा, म्हणजे हात खांद्याच्या खालीं राहतो. बॅटरीवर चालणाऱ्या कात्रीनें मुठीचा जोर वांचतो हें खरें, पण ती साध्या कात्रीहून जड असते. ज्याचा खांदा आधींच दुखत आहे त्याच्या हातीं ती देण्यापूर्वीं अर्धा दिवस चालवून पाहूं द्यावी.