जुनी जावा, डुक्कर फियाट: घेण्याआधीचा हिशेब

जुन्या जावाचा सौदा टाकीवरच्या क्रोमवरून ठरतो, आणि तिथेच गिऱ्हाईक फसते. पत्रा, रंग, क्रोम पैसे टाकून परत उभे करता येतात. कागद नसलेली गाडी मात्र कितीही पैसे ओतले तरी अंगणातच राहते.

म्हणून आधी आरसी बुक. त्यावरचा मालक हयात नसेल, तर गाडी वारसाच्या नावावर होईपर्यंत इसार देऊ नये. परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी हवी. मग खाली बसून चॅसिस नंबरवर कागद धरा आणि पेन्सिल घासा. उमटलेला ठसा आरसीशी आकडा न् आकडा जुळला पाहिजे. नंबराभोवती ग्राइंडरचे ओरखडे दिसले, तर चहा पिऊन निघावे.

नोंदणी संपलेली असेल तर उशिराचा दंड वेगळा: मोटारसायकलला महिन्याला 300 रुपये, कारला 500. समजा, कार चार वर्षे गोदामात पडून आहे. 24,000 रुपये तिथेच गेले. ही रक्कम किमतीतून वळती करून घ्या, किंवा विकणाऱ्यालाच नूतनीकरण करून द्यायला सांगा. मी दुसरा मार्ग धरीन.

ऑगस्ट 2025च्या दरांनुसार 20 वर्षांवरच्या मोटारसायकलीच्या नूतनीकरणाला 2,000 आणि कारला 10,000 रुपये लागतात, तेही पाच वर्षांपुरते. हरित कर निराळा.

पन्नाशी उलटलेल्या, मूळ रूपातल्या गाडीला 2021पासून विंटेज नोंदणीही मिळते: पहिल्यांदा 20,000 रुपये, मुदत दहा वर्षे, पुढच्या खेपेला 5,000. दुचाकीलाही तेवढेच. म्हणजे जावाला साध्या नोंदणीत दहा वर्षांत 4,000 लागतात आणि विंटेजमध्ये 20,000. फियाटला पहिल्या दशकात दोन्हीकडे सारखेच, पुढे विंटेज स्वस्त. पण विंटेज गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्याशी भजी खायला जायचे असेल, तर साधी नोंदणीच बरी.

आता गाडी. म्हैसूरच्या आयडियल जावाने 1961पासून जावा बनवल्या. 1973पासून त्यांवर येझदी हे नाव आले. तिचा किक आणि गिअरचा दांडा एकच. किक मारून तो गिअरच्या जागी आणा आणि चारही गिअर टाकून पाहा. निसटत असेल तर इंजिन खोलावे लागणार. टू-स्ट्रोकला थोडा धूर असतोच, पण तापल्यावरही पांढऱ्या धुराचे लोट थांबत नसतील, तर बहुधा क्रँकची सील वाळलेली आहेत. सील स्वस्त, मजुरी नाही.

फियाटला खिशातला चुंबक लावून पाहा. दारांच्या खालच्या कडेला, चाकांच्या वर, डिकीच्या तळाला तो धरत नसेल, तर रंगाखाली पुटीन आहे आणि पत्रा सडलेला आहे. इंजिनाचे सामान कुर्ल्याच्या बाजारात हुडकता येते. डुक्कर फियाटचे दार, काच, दिव्याच्या कडा मिळायला वर्ष जाते आणि विकणारा तोंडाला येईल तो भाव सांगतो. त्यामुळे रंग उडालेली पण सगळे भाग जागेवर असलेली गाडी महाग वाटली तरी घ्यावी. चकचकीत पण अर्धवट गाडी सोडावी. रिस्टोरेशनचा अंदाज गॅरेजवाल्याकडून लेखी घ्या, डेंटिंग-पेंटिंग आणि इंजिन यांचा वेगवेगळा, आणि पैसे काम होईल तसे हप्त्याने द्या.