लॅपटॉपवर चालते, डेस्कटॉपवर नाही

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेतले एक्सपाइज-17 हे प्रयोगांचे उपकरण लॅपटॉपवर नीट चालते, पण डेस्कटॉपला ते सापडतच नाही. दुरुस्तीला पाठवू का?
— एक शिक्षिका, एटापल्ली

उत्तर : मॅडम, पाठवू नका. लॅपटॉपवर चालते म्हणजे उपकरण शाबूत आहे. दोष डेस्कटॉपच्या बाजूला शोधायचा. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरने विकसित केलेले हे उपकरण वीज आणि माहिती दोन्ही एकाच यूएसबी केबलमधून घेते. म्हणून लॅपटॉपला लावता तीच केबल डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टला थेट लावा. पुढचे पोर्ट बरेचदा सैल असतात, हबही नको.

तरीही सापडले नाही, तर विंडोजमधले डिव्हाइस मॅनेजर उघडा. उपकरण लावताच यादीत नवा कॉम पोर्ट दिसायला हवा. पिवळे चिन्ह दिसले तर ड्रायव्हरची गडबड आहे. तो पुन्हा टाका. एटापल्लीत नेट रखडते, तेव्हा लॅपटॉपवर उतरवून पेनड्राइव्हने न्या. पोर्ट दिसतो पण प्रोग्राम जोडत नाही? मग दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने तो अडवलेला असतो. लिनक्सवर बहुधा परवानगी नडते : वापरकर्त्याला ‘डायलआउट’ गटात घालून पुन्हा लॉगिन करा.

यादीत काहीच हलले नाही, तर डेस्कटॉप मेकॅनिकला दाखवा. तोवर प्रात्यक्षिके लॅपटॉपवर घ्या.