मूळ प्रतीला हात लावण्याआधी

आमच्या वाचनालयातले जुने दिवाळी अंक आम्ही काही जण स्कॅन करत होतो. संकेतस्थळासाठी लहान आकाराच्या प्रतिमा हव्या होत्या. हजारो पानं एकेक करून कोण उघडत बसणार? एका तरुण सहकाऱ्याने टर्मिनल उघडलं आणि इमेजमॅजिक या प्रतिमा हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरची ‘मॉग्रिफाय’ ही कमांड अख्ख्या फोल्डरवर चालवली. ती मुकाट्याने पूर्ण झाली. काम नीट झालं की कमांडने काही बोलायचं नाही, ही युनिक्सची जुनी रीत. पण मॉग्रिफाय, वेगळं सांगितलं नाही तर, आहे त्याच फाइलवर लिहिते. ६०० डीपीआयच्या मूळ टिफ फाइली गेल्या. इथे कंट्रोल-झेड नाही, रिसायकल बिन नाही.

काही अंक उसने आणलेले होते, ते तोवर मालकांकडे परत गेले होते. उरलेल्यांचा कागद इतका ठिसूळ की पुन्हा काचेवर ठेवताना कोपरे तुटून हातात येत. त्या पानांसाठी अजून जीव हळहळतो.

‘यापुढे सगळं माउसनेच’ असं बऱ्याच जणांचं मत पडलं. मला ते पटलं नाही. शेकडो पानांनंतर हात चुकतो, एखादं पान सुटतं आणि काय केलं याची नोंद कुठेच राहत नाही. क्लिक रेकॉर्ड करून पुन्हा चालवणारी साधनं तर त्याहून बेभरवशाची. त्यातली बरीचशी पडद्यावरची जागा धरून चालतात, विंडो जरा सरकली की भलतंच बटण दाबलं जातं. कमांड मात्र लिहिलेली असते. आमचं नुकसान कशाने झालं, हेही त्या एका ओळीतच सापडलं.

म्हणून कमांड जरूर वापरा, पण आधी मूळ फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून ठेवा. मॉग्रिफायला ‘पाथ’ हा पर्याय देऊन नव्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये पाठवा. आधी दोन-चार पानांवर चालवून बघा. ‘एमव्ही’ने नावं बदलताना त्याच नावाची फाइल असेल तर ती न विचारता पुसली जाऊ शकते, उणे-एन लावलं की तसं होत नाही. फाइलच्या नावात मोकळी जागा असेल तर नाव अवतरणात घाला, नाहीतर एका नावाची दोन होतात. प्रती घेण्यासाठी आरसिंक ही कमांड चालवण्याआधी ‘व्हर्बोज’ पर्याय लावून ‘ड्राय रन’ करा, काय काय बदलणार ते आधीच दिसतं. शेवटी दोन्ही फोल्डरमधल्या फाइली मोजा.

वाकडं पान सरळ करणं, डागाखालचं अक्षर राखून कड कापणं हे मात्र डोळ्यांचं काम. त्यासाठी मी जिम्प हे प्रतिमा-संपादनाचं सॉफ्टवेअर उघडून एकेक पानच करते.